शब्दांचे मूळ रूप आणि अभिलेखांचा शोध

ग्रामपंचायतीच्या ठरावांत ‘विहीर’ हा शब्द ‘विहिरीचे’, ‘विहिरीजवळ’, ‘विहिरींना’ अशा अनेक रूपांनी येतो. ही सारी रूपे एकाच शब्दाची आहेत, हे वाचणारा सहज ओळखतो. केवळ अक्षरे जुळवून पाहणाऱ्या संगणकाला मात्र ते उमगत नाही. ‘विहीर’ असा शोध घेतल्यास ‘विहिरीचे खोलीकरण’ या विषयावरील ठराव सापडत नाही. परिणामी दप्तरी असलेला कागदही ‘आढळून येत नाही’, असे उत्तर अर्जदाराला मिळण्याचा संभव असतो.

मूळ रूप म्हणजे काय?

शब्दकोशात ज्या रूपाखाली शब्दाची नोंद असते, ते त्याचे मूळ रूप होय. नामाचे मूळ रूप प्रत्ययरहित व एकवचनी असते; क्रियापदाची नोंद ‘करणे’, ‘जाणे’ अशी होते. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामात जो बदल होतो, त्यास सामान्यरूप म्हणतात. ‘रस्ता’चे ‘रस्त्या’ आणि ‘पाणी’चे ‘पाण्या’ होते, ते याच नियमाने.

प्रत्यय तोडणे पुरेसे नाही

शब्दाच्या शेवटचे प्रत्यय ठरावीक नियमांनी तोडण्याची एक पद्धत मार्टिन पोर्टर यांनी इंग्रजीसाठी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. मराठीत असा मार्ग जपूनच वापरावा लागतो. ‘ला’ हा सरसकट प्रत्यय मानला, तर ‘दाखला’चे ‘दाख’ होईल. ‘त’ तोडला, तर ‘पंचायत’चे ‘पंचाय’ उरेल. ‘गेला’ हे ‘जाणे’चे रूप असूनही दोहोंत एकही अक्षर समान नाही. ‘वाटा’ हा शब्द तर ‘वाट’चे अनेकवचन, हिस्सा या अर्थाचे नाम किंवा ‘वाटणे’चे आज्ञार्थी रूप, यांपैकी काहीही असू शकतो. म्हणून संगणकाला शब्दकोश, व्याकरणाचे नियम आणि वाक्यातील संदर्भ या तिन्हींचा आधार द्यावा लागतो.

काय करता येईल?

अशी सोय नसलेल्या ठिकाणी ‘विहीर’ व ‘विहिरी’, ‘रस्ता’ व ‘रस्त्या’ अशी दोन्ही रूपे घेऊन शोध घ्यावा. नोंदवहीतील विषयाच्या रकान्यात शब्द मूळ रूपात व शुद्ध लिहावा. शाळेत शिकविले जाणारे सामान्यरूप हे केवळ परीक्षेपुरते नाही. नागरिकाला त्याचा कागद वेळेवर मिळण्याशीही त्याचा संबंध आहे.