एक खेप की अनेक तुकडे?

जी.एस.टी. कायद्यान्वये हिशेबाची दफ्तरे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. पावसाळ्यात कपाटास ओल धरते हे पाहून आम्ही पांढुर्ण्याच्या पेढीतील व सौंसरच्या आडतीतील रोजमेळ आणि बिले यांची छायाचित्रे काढविली. त्यांची ३ जीबीची एकच फाइल करून ती क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या कोठारात, धाडावयास घेतली. सेकंदास ५ मेगाबिट वेगाने या कामास सुमारे ८० मिनिटे लागतात. सत्तराव्या मिनिटास जोडणी तुटली व सारे श्रम वाया गेले. दुसऱ्या रात्रीही तेच!

एका खेपेचा हाच दोष आहे. माल पोहोचला तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही. २००६ साली सुरू झालेल्या अमेझॉनच्या एस-थ्री कोठारात अशा एका खेपेची मर्यादा ५ जीबी आहे. २०१० पासून तेथे तुकड्यांनी माल उतरविण्याचीही सोय आहे. आम्हां धान्यवाल्यांस ती पोत्यांच्या हिशेबासारखीच वाटेल. आधी खेपेचा क्रमांक मिळतो. मग प्रत्येक तुकड्यास आपला क्रमांक घालून तो धाडावयाचा. तुकडे मागेपुढे गेले, चार एकदम गेले, तरी चालते. प्रत्येकाची पोच मिळते. सरतेशेवटी सर्व पोचा जुळवून ‘माल पूर्ण’ असे कळविले की कोठार तुकडे क्रमाने जोडून फाइल सिद्ध करते. वाटेत एखादे पोते फाटले तर तेवढेच पुन्हा भरावे. शेवटचा वगळता प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा हवा व एकूण तुकडे १०,००० हून अधिक नसावेत.

चार पानी बिलासाठी मात्र एवढा खटाटोप कशाला? तेथे एकच खेप बरी. फाइल १०० एमबीच्या पुढे गेली म्हणजे तुकड्यांचा विचार करावा, असा अमेझॉनचाही सल्ला आहे.

दोन गोष्टींस जपावे. वीज जाऊन संगणकच बंद पडला, आणि साधनाने खेपेचा क्रमांक टिपून ठेवला नसेल, तर ते पुन्हा पहिल्या तुकड्यापासून आरंभ करते. साधन घेताना प्रथम हेच विचारावे. दुसरे असे की, अर्धवट खेप फाइलींच्या यादीत दिसत नाही, पण तिच्या तुकड्यांचे भाडे चढतच राहते. ती सात दिवसांनी आपोआप रद्द व्हावी असा नियम कोठारात घालून ठेवता येतो.

तिसऱ्या रात्री आम्ही १०० एमबीचे ३० तुकडे केले. जोडणी दोनदा तुटली. तीन तुकडे पुन्हा धाडावे लागले, इतकेच.