पारशिवनीच्या घड्याळाला हाक कोण देणार?

रेडिओ-नियंत्रित घड्याळ म्हणजे मुळात साधे क्वार्ट्‌झचे घड्याळ, फक्त त्याच्या पोटात एक छोटा रेडिओ असतो. सेल घातला की काटे गरगर फिरून बारावर येऊन थांबतात आणि घड्याळ कान देऊन बसते. जर्मनीत असेल तर त्याला फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर येणारी दीर्घ लहर ऐकू येते. प्रत्येक सेकंदाच्या आरंभी या लहरीचा जोर क्षणभर उतरवतात. सेकंदाचा दहावा भाग उतरला तर शून्य, पाचवा भाग उतरला तर एक. शून्य-एकाच्या या माळेत मिनिट, तास, वार, तारीख, वर्ष असे सगळे ओवलेले असते. ५९ क्रमांकाच्या सेकंदाला हा उतार मुद्दाम गाळतात. त्यावरून आता नवे मिनिट लागणार हे घड्याळाला कळते, काटे धावत जागेवर येतात आणि तिथल्या अणुघड्याळाची वेळ भिंतीवर दिसू लागते. हेच घड्याळ कोणी हौसेने नागपूरजवळच्या पारशिवनीला आणले आणि भिंतीवर टांगले, तर काटे बारावर येतात, थांबतात, आणि पुढे काहीच होत नाही. घरचे म्हणतात, घड्याळ बिघडले. ते बिघडलेले नसते. माइनफ्लिंगेनची हाक साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंत भरवशाने पोचते आणि पारशिवनी तिथून साडेसहा हजार किलोमीटरहून लांब आहे. चीनचे शांगचिऊ केंद्र त्यातल्या त्यात जवळ, तरी तेही पावणेचार हजार किलोमीटरांच्या पलीकडे. भारतात अशी दीर्घ लहरींची हाक देणारे केंद्रच नाही. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा एके काळी ‘एटीए’ या नावाने लघुलहरींवर वेळ प्रक्षेपित करीत असे, पण ही घड्याळे ऐकतात ती दीर्घ लहर.

म्हणून माझे म्हणणे असे की बिनचूक घड्याळ ही दुकानातून विकत आणायची वस्तू मानणे चुकीचे आहे. नळाला पाणी यायचे तर मागे धरण लागते, तसे या घड्याळामागे प्रक्षेपण केंद्र लागते. जपानने हे २०११ मध्ये अनुभवले. तिथले ४० किलोहर्ट्झचे केंद्र फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पापासून वीस किलोमीटरच्या आत होते. मार्चमधल्या अपघातानंतर कर्मचाऱ्यांना ते सोडावे लागले, प्रक्षेपण एप्रिलपर्यंत बंद राहिले. त्या केंद्रावर विसंबलेली घड्याळे तेवढे दिवस चारचौघांसारखी साधी क्वार्ट्‌झची घड्याळे होऊन चालत राहिली.

साध्या क्वार्ट्‌झने काय बिघडते, असे कोणी विचारेल. विदर्भात थोडे बिघडते. घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्याची चाल २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जलद असते. तापमान तिथून वर जावो की खाली, तो मंदावतोच, आणि मंदावतो तो फरकाच्या वर्गाच्या पटीत. पारा ४५ अंशांवर असताना, मेमध्ये पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवरचे घड्याळ दिवसाला सेकंदाहून थोडे अधिक मागे पडू शकते. महिनाभर अशीच भिंत तापली तर अर्धे मिनिट गेले. सूर्यावरून घड्याळ लावावे म्हटले तर तेही जमत नाही. आपली प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पारशिवनी त्याच्या पश्चिमेला तीन अंशांहून थोडी अधिक दूर. त्यामुळे इथला मध्यान्ह सरासरीने बारा वाजून तेरा मिनिटांनी होतो. तोही स्थिर नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो बारा सत्तावीसपर्यंत सरकतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्याही दोन-तीन मिनिटे आधी येतो.

दीर्घ लहरींचे केंद्र भारतात उभारायचेच झाले तर ते कुठे असावे, याचे उत्तर नकाशाच देतो. पारशिवनीवर कंपासचे टोक ठेवून दोन हजार किलोमीटरांचे वर्तुळ काढा. लेह आणि कन्याकुमारी दोन्ही दीड हजारांच्या आत बसतात, कच्छ त्याहून जवळ, दिब्रुगड सतराशेच्या आसपास आणि पोर्ट ब्लेअरसुद्धा वर्तुळातच. हा विचार नवा नाही. आकाशवाणीने १९८८ मध्ये राष्ट्रीय वाहिनी सुरू केली तेव्हा तिचे एक मेगावॅटचे मध्यम लहरींचे केंद्र नागपूरलाच होते. माइनफ्लिंगेनचे केंद्र पन्नास किलोवॅटचे आहे, म्हणजे त्याच्या विसाव्या हिश्श्याचे.

यावर पहिला आक्षेप मोबाइलचा. खिशात बिनचूक वेळ असताना भिंतीला कशाला? पण मोबाइलचीही वेळ कोणीतरी पोचवलेलीच असते. त्यासाठी रेंज लागते, चार्जिंग लागते. शाळेच्या वर्गात, अंगणवाडीत, प्रसूतिगृहात वेळ सगळ्यांना एकदम दिसावी लागते आणि तिथे वर्षभर एका सेलवर चालणारे घड्याळच उपयोगाचे. उपग्रहाचे संकेत घ्यावेत, तर ते इतके क्षीण असतात की स्लॅबखालच्या भिंतीपर्यंत क्वचितच पोचतात. दीर्घ लहर मात्र घराच्या भिंतीतून आत येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उष्ण कटिबंधात विजांचा कडकडाट फार आणि दीर्घ लहरींवर त्याची खरखर मोठी. हे खरे आहे. जर्मनीपेक्षा इथे जोर अधिक लावावा लागेल. तरी घड्याळाला चोवीस तासांत स्वच्छ ऐकू आलेली चार-पाच मिनिटे पुरतात, आणि भर पावसाळ्यात एखादा आठवडा चुकला तरी तेव्हा घरातले तापमान स्फटिकाला मानवणारेच असते. वळवाच्या दिवसांतल्या काही रात्री वाया जातील, एवढी किंमत मला परवडणारी वाटते. तिसरा आक्षेप, सरकार वेळेचे काम करतेच आहे. करते आहे, आणि ते मोलाचे आहे. एप्रिल २०२२ च्या आदेशाने संगणक-यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवणे बंधनकारक झाले. अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटीच्या वजनमापे प्रयोगशाळांतून प्रमाणवेळ पुरवण्याची योजनाही आहे. पण ही वेळ जाळ्याने जोडलेल्या यंत्रांपर्यंत जाते. साध्या भिंतीपर्यंतचा शेवटचा टप्पा त्यात राहून गेला आहे.

तोवर परदेशी रेडिओ घड्याळ घरात असेल तर त्याचे ऐकणे बंद करण्याची सोय आहे का ते पाहावे, कारण रोज रात्रीच्या निष्फळ शोधात सेल खर्च होतो. काही घड्याळांत तासाचेच टप्पे असतात, आपला साडेपाच तासांचा फरक त्यांत बसत नाही. तेव्हा काटे मागचे बटण दाबून धरून हातानेच लावावे लागतात. इंटरनेट असेल तर वाय-फायवर वेळ घेणारे घड्याळ बरे. साधे असेल तर ते पूर्वेच्या किंवा आतल्या भिंतीवर, कूलरच्या ओल्या झोतापासून दूर लावावे. महिन्याच्या एक तारखेला मोबाइलशी ताडून पाहावे, एप्रिल ते जून पंधरा तारखेलाही. आकाशवाणीच्या टोल्यांवर लावायचे तर मध्यम लहरींच्या रेडिओवर ऐकावे. अॅपवर येणारे टोले काही सेकंद उशिराचे असतात.