रेशमाची कमाई धाग्यात

रेशीम म्हटले की येवल्याची पैठणी आठवते. पण तिचा धागा कसा तयार होतो आणि त्यात कमाई कोठे आहे, हे आपल्या व्यावसायिकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

तुतीचा पाला खाणारी अळी सुमारे २५ दिवसांत चार वेळा कात टाकते. नंतर तोंडातून चिकट द्रव सोडत दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते. चांगल्या कोषात सुमारे १,००० मीटर अखंड तंतू असतो.

खरी मेख पुढेच आहे. १०-१२ दिवसांत पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि मग त्यातून अखंड धागा निघत नाही. त्याआधीच वाफेने किंवा गरम हवेने आतील किडा मारावा लागतो. ही सोय बहुतेक शेतकऱ्यांकडे नसते. म्हणून भाव पडला तरी त्याला चार दिवसांत माल विकावाच लागतो.

धागा काढणारा कारागीर कोष गरम पाण्यात शिजवतो, ८-१० कोषांचे तंतू एकत्र करून धागा रिळावर घेतो. उत्तम संकरित कोष ६-७ किलो लागतात, तेव्हा १ किलो धागा मिळतो. तुटका तंतूही विकला जातो. मेलेले किडे मासे-कोंबड्यांच्या खाद्यात जातात.

कर्नाटकातील रामनगर व शिडलघट्टा येथे या धंद्यात मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. म्हैसूर राज्यात रेशीम रुजवले ते टिपू सुलतान यांनी, बंगालमधून किडे मागवून. मराठवाड्यातील शेतकरी वर्षानुवर्षे कोष घेऊन रामनगरला जात. २०१८ साली जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि तो फेरा कमी झाला. तरी येवल्याच्या विणकरांना धाग्यासाठी कर्नाटकाकडे पाहावेच लागते.

म्हणजे कोष आपल्याकडे, विणकरही आपल्याकडे. मधली कडी मात्र तोकडी. शुद्ध रेशीम नेसणे पुरुषांना वर्ज्य असले तरी स्त्रियांना त्याची मुभा आहे आणि त्याची तिजारत जायज आहे. अडचण भांडवलाची आहे. कोष रोखीने घ्यावे लागतात, धाग्याचे पैसे मागाहून येतात. या फटीतच छोटा कारागीर सावकाराच्या व्याजात अडकतो. चार-पाच जणांनी नफ्या-तोट्याच्या भागीदारीत भांडवल उभे केले तर हे टळू शकते. मात्र आधी एखाद्या चालू कारखान्यात काही महिने काम शिकावे, मगच पैसा गुंतवावा.