बाईंच्या तब्येतीकडे कोण पाहणार?

दिव्यांग मुलांनी इतर मुलांबरोबर एकाच वर्गात शिकावे, यालाच समावेशित शिक्षण म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही जबाबदारी सरकारी व मान्यताप्राप्त शाळांवर टाकली, हे योग्यच झाले. परंतु ती रोज पार पाडणाऱ्या शिक्षकांच्या प्रकृतीचा विचार क्वचितच होतो.

एका प्राथमिक शाळेतील बाई माझ्याकडे आल्या. वर्गात चाळीस मुले. त्यांतल्या एका मुलाला सेरेब्रल पाल्सी. त्याला त्या एकट्याच उचलून शौचालयापर्यंत नेत. एक मुलगी कमी ऐकणारी, म्हणून दिवसभर ओरडून शिकवणे. कंबर दुखते, आवाज बसतो, रात्री झोप नाही. "डॉक्टर, ताकदीचे इंजेक्शन द्या, नाहीतर मी बदलीच मागते," असे म्हणाल्या. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड सर्व ठीक होते. मी इंजेक्शन दिले नाही.

कामाच्या दीर्घ ताणाने येणारी अशी गळून जाण्याची अवस्था जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात घेतली. पण आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. तेव्हा नुसत्या गोळीने भागत नाही, कामाची पद्धत बदलावी लागते.

शिक्षकांनी पुढील पथ्ये पाळावीत :

१) मुलाला एकट्याने उचलू नये. दोघांनी मिळून, गुडघ्यात वाकून, त्याला अंगाजवळ धरून उचलावे.

२) कमी ऐकणाऱ्या मुलाला पुढे बसवावे व त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलावे. ओरडल्याने ओठांची हालचाल बिघडते, त्याला उलट कमी समजते.

३) शौचालयाची गैरसोय म्हणून पाणी टाळू नये. घसा कोरडा पडतो, लघवीचा जंतुसंसर्ग होतो.

४) मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटे वर्ग दुसऱ्याकडे सोपवून शांत बसावे.

यातले पहिले व शेवटचे पथ्य मुख्याध्यापकांच्या मदतीशिवाय जमणारे नाही. बाईंच्या शाळेत सहकाऱ्यांनी पाळी लावून घेतली. दोन महिन्यांत कंबर सुधारली, बदलीचा अर्ज राहून गेला.

आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. झोप उडाली, सतत रडू येते, जगणे नकोसे वाटते, अशा वेळी संकोच न करता डॉक्टरांकडे जावे किंवा १४४१६ या 'टेली मानस'च्या मोफत क्रमांकावर बोलावे.

पालकांनाही एक विनंती. बाईंना भेटाल तेव्हा मुलाच्या प्रगतीबरोबर त्यांची प्रकृतीही विचारा. त्या थकून निघून गेल्या, तर सर्वांत आधी तुमच्याच मुलाचे नुकसान होते.