स्मरणशक्ती गेली की लक्ष?

‘डॉक्टर, हल्ली काही लक्षातच राहत नाही. डोक्याचा एमआरआय काढू का?’ ओपीडीत हा प्रश्न आता तिशी-चाळिशीतली माणसेही विचारतात. त्यांतल्या बहुतेकांना स्मृतिभ्रंश नसतो. एखादी गोष्ट लक्षात राहण्यासाठी आधी तिच्याकडे लक्ष जावे लागते. गॅस बंद करताना डोळे मोबाइलवर असतील, तर मेंदूत त्याची नोंदच होत नाही. मग ती आठवणार कुठून?

एका कामातून दुसऱ्याकडे वळताना आपले लक्ष पूर्णपणे वळत नाही, थोडे मागेच रेंगाळते. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून हे दाखवले. म्हणजे हिशेब करताना मध्येच एक मेसेज पाहिला, तर खर्च फक्त त्या पाच सेकंदांचा नसतो. टेक्सास विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात तर फोन नुसता टेबलावर असणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही. तरी फोन दूर ठेवायला पैसे लागत नाहीत आणि त्याचे दुष्परिणामही नाहीत.

वाचनाचेही तसेच आहे. ५४ अभ्यासांतील १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांची माहिती २०१८ मध्ये एकत्र तपासली गेली. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर थोडा अधिक चांगला समजतो, असे आढळले. वेळ मर्यादित असेल, तर हा फरक वाढतो. कथा वाचताना मात्र तो दिसला नाही. पडद्यावर आपण चाळायला सरावलो आहोत आणि पाठ्यपुस्तकही तसेच चाळतो, हे त्याचे एक संभाव्य कारण. परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट एकांताची. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये लोकांना पंधरा मिनिटे रिकाम्या खोलीत एकटे बसवले. सोबतीला होते फक्त सौम्य विजेचा झटका देणारे बटण. हा झटका टाळायला पैसे मोजू, असे आधी सांगणाऱ्यांपैकीही १८ पुरुषांतील १२ आणि २४ स्त्रियांतील ६ जणांनी तो स्वतःहून घेतला! स्वतःच्या विचारांसोबत बसणे आपल्याला इतके जड जाते. फोनने ही अडचण निर्माण केली नाही. त्याने तिच्यापासून पळायची वाट खिशात आणून ठेवली. वास्तविक, आपण स्वस्थ बसतो तेव्हा मेंदू थांबत नाही. जुन्या आठवणी आणि पुढचे बेत तो याच वेळी जुळवत असतो.

उपाय साधे आहेत. अभ्यास, वाचन आणि जेवण या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अनावश्यक नोटिफिकेशन बंद करा. रोज वीस मिनिटे कागदावरचे काहीतरी वाचा. सुरुवातीला मन पळेल, त्याला परत आणा. झोपताना फोन उशाशी नको, गजरासाठी साधे घड्याळ चालेल. दिवसातून एकदा फोनशिवाय फिरून या.

मात्र प्रत्येक विसराळूपणाचे खापर मोबाइलवर फोडू नका. अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइडचा विकार आणि शाकाहारी मंडळींत सर्रास आढळणारी बी-१२ ची कमतरता यांमुळेही विसरायला होते. यांवर उपचार आहेत. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचे व्यवहार न जमणे, असे घरच्यांना दिसले, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.