‘घोड्याच्या तोंडून’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा उगम

एखादी माहिती ‘थेट घोड्याच्या तोंडून’ मिळाली, असे इंग्रजीत म्हणतात तेव्हा ज्याला ती सर्वांत अधिक ठाऊक असणार त्याच्याकडूनच, मध्यस्थावाचून मिळाली, असा अर्थ अभिप्रेत असतो. या वाक्प्रचाराच्या उगमाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात.

पहिले दातांचे. आपल्या बैलबाजारात दुदाती, चौदाती असे जनावराचे वय ठरते. घोड्याचेही पुढचे कायमचे दात साधारणतः अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान टप्प्याटप्प्याने येतात. विकणारा काहीही सांगो, घोड्याचे तोंड खोटे बोलत नाही. १८४४ च्या इंग्लंडमधील डर्बीत ‘रनिंग रेन’ हा घोडा पहिला आला. शर्यत तीन वर्षांच्या घोड्यांची होती. हा घोडा चार वर्षांचा असल्याचा आक्षेप निघाला. खटल्यात न्यायमूर्ती अल्डरसन यांनी घोडाच हजर करण्यास सांगितले. तो हजर झाला नाही आणि विजय ‘ऑर्लँडो’च्या नावे लागला.

ही कथा मोहक असली तरी तीवरून वाक्प्रचाराचा उगम सिद्ध होत नाही. दातांवरून वय पाहिले जाते; वाक्प्रचारात मात्र बातमी ऐकली जाते. शिवाय त्याचे जुने छापील वापर विसाव्या शतकाच्या आरंभाच्या आसपासचे असून शर्यतीच्या ‘टिप’शी निगडित आहेत. म्हणून दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. टिपेचे मोल ती देणारा घोड्याच्या किती निकट आहे, यावर ठरते. जॉकी, प्रशिक्षक, मोतद्दार यांच्याही पलीकडे उरतो तो खुद्द घोडा! या अतिशयोक्तीतच विनोद आहे. अल्डस हक्सली यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) या कादंबरीत संचालकांचा शब्दन् शब्द वहीत उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रसंगी हा वाक्प्रचार येतो, तो उपहास घेऊनच.

मराठीतील ‘आतल्या गोटातील बातमी’ हा प्रयोग याच्या जवळचा. परंतु गोट म्हणजे छावणी. तेथे सांगणारा आतला असतो, मूळ पुरुष असेलच असे नाही. अनुवादकाने हा भेद ध्यानी घेऊन प्रसंगी ‘खुद्द त्याच्याच तोंडून’ असे म्हणणे श्रेयस्कर.

व्युत्पत्तीच्या अभ्यासकालाही यात बोध आहे. शब्दाचे वय सांगोवांगीच्या सुरस कथेवरून नव्हे, तर त्याचे दात, म्हणजे कालनिश्चित वापर, तपासूनच ठरवावे लागते.