दिवसा लागणारे दिवे कशासाठी?

मोटार सुरू होताच पुढे लागणाऱ्या पांढऱ्या दिव्यांना डीआरएल (दिवसा गाडी नजरेत यावी म्हणून असलेले दिवे) म्हणतात. ते रस्ता दिसण्यासाठी नसतात. गुराच्या गळ्यातल्या घंटेसारखी इतरांना आपली चाहूल देतात. युरोपीय संघात नव्या मॉडेलच्या मोटारींना ते फेब्रुवारी २०११पासून सक्तीचे आहेत.

इंडिकेटर देताच त्या बाजूचा डीआरएल मंदावला, तर तो सहसा बिघाड नसतो. इंडिकेटर उठून दिसावा म्हणून तशी रचना असते. एरवीही एकच बाजू बंद राहिली, तर बल्ब आणि कनेक्टर तपासावा. काही गाड्यांत हे दिवे सेटिंगमधून बंद करता येतात; त्यासाठी वायर मुळीच तोडू नये.

खरी काळजी संध्याकाळची. पुढे उजेड पाहून चालक हेडलाइट लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांत डीआरएलसोबत मागचे लाल दिवे लागतच नाहीत. पावसात, घाटात मागच्या ट्रकला अशी गाडी फार उशिरा दिसते.